शेताला काय उलटं नि सुलटं

लग्नाकार्यात कुणी विचारलं, "आपण काय करता?" आणि मी "गालिच्यांची नक्षी काढतो" असं सांगितलं, की समोरचा माणूस एक तर "वा वा" म्हणून पंगतीकडं वळतो, नाही तर त्याच्या घरच्या सतरंजीवर सांडलेल्या चहाचा डाग कसा काढायचा ते विचारतो. मला डाग काढता येत नाहीत. पाडता येतात. आयुष्यभर तेच केलं, फक्त ठरवून केलं म्हणून त्याला नक्षी म्हणायचं.

आता मी कारखान्यात रोज जात नाही. पडेगावच्या रस्त्याला पत्र्याची एक लांब शेड आहे, तिथं आठवड्यातून एखादी चक्कर मारतो, चहा पितो, नव्या मुलींच्या कामात चुका काढतो आणि कुणी माझ्या जुन्या चुकांचा विषय काढायच्या आत निघतो. पण संपादकांनी अनुभव लिहा म्हटलं. अनुभव म्हणजे चुकाच. बरोबर आलेली कामं कुणाच्या लक्षात राहतात? माझ्या तरी नाहीत.

धंदा थोडक्यात सांगतो. बाजेएवढी लाकडी चौकट घ्यायची आणि तिच्यावर तरट ताणून बसवायचं, ढोलकीचं कातडं ताणतात तसं. तरटावर मी खडूनं नक्षी काढतो. मग कारागीर डावा हात तरटाखाली घालतो, त्या हातात लोकरीचा धागा. उजव्या हातात लाकडी मुठीचा आकडा, क्रोशाच्या सुईचा थोरला भाऊ. आकडा वरून भोकात घालायचा, खालचा धागा पकडून वर ओढायचा, लोकरीचं एक लहानसं वेटोळं वर येतं. त्याला आम्ही लूप म्हणतो. शेजारच्या भोकात पुन्हा तेच. गालिचा भरेपर्यंत तेच. हे इतक्या वेळा करायचं असतं, की मोजायचा नाद पहिल्याच दिवशी सुटतो.

आकड्यानं रेघा छान येतात, पण सावली येत नाही. झाडाची पानं, धूर, पाण्यावरची चमक, असल्या गोष्टींसाठी आमच्याकडं सुई आहे. ही सुई शिवणाची नव्हे. हिला नेढं नसतं, हिच्या अंगाला बारीक बारीक खाचा असतात. पिंजलेल्या लोकरीचा पुंजका जागेवर ठेवायचा आणि वरून टोचत सुटायचं. प्रत्येक टोच्याला खाचा चार तंतू खाली ओढून नेतात, ते खालच्या लोकरीत आणि तरटात गुंततात. ना दोरा, ना गाठ, ना डिंक. पुंजका जागेवर असा बसतो की नखानं निघत नाही. रंगाऐवजी लोकर आणि कुंचल्याऐवजी सुई, एवढाच फरक. हां, कुंचला बोटात घुसत नाही, हा दुसरा.

सुईचं काम आमच्याकडं सुनिताबाई करतात. उस्मानपुऱ्यातून स्कूटीवर येतात, कामाला बसल्या की तासन्‌तास मान वर करत नाहीत, आणि मान वर केली की कुणाची तरी उतरवतात. बहुतेक वेळा माझी. आकड्याच्या चौकटी रज्जाकभाईंकडं. ते माझ्याहून थोडे मोठे, आणि माझा अपमान नेहमी दखनीत करतात. त्यामुळं तो गोड लागतो.

एकदा एका महिला मंडळाच्या बायका शेड बघायला आल्या. खरं तर सुनिताबाईंनी प्रात्यक्षिक द्यायचं, पण एवढे प्रेक्षक बघून मला राहवलं नाही. मी स्टुलावर बसलो, कापडाचा तुकडा मांडीवर घेतला आणि बोलत बोलत लोकरीची एक खारूताई टोचायला लागलो. काम करताना खाली जाड स्पंज ठेवायचा असतो, हे मी स्वतः तीन पिढ्यांच्या मुलींना शिकवलंय. त्या दिवशी स्पंज माझ्या शेजारी पडून होता. खारूताई झक्क जमली. टाळ्या पडल्या. मी ती उचलून दाखवायला उठलो, तर ती माझ्याबरोबर उठली. पँटच्या कापडात तिचा प्रत्येक केस गुंतला होता.

सुनिताबाई म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या मास्तर. बसलीय तर बसू द्या, माया लागली तिला तुमची."

मी घरी खारूताईसकट गेलो. बायकोनं दार उघडलं, मांडीकडं पाहिलं आणि काही न विचारता चहा ठेवला. लग्नाला बरीच वर्षं झाली की असं होतं.

दुसरी गोष्ट फर्दापूरची. लेण्यांच्या वाटेवरच्या एका हॉटेलमालकाला स्वागतकक्षात मोठा गोल गालिचा हवा होता, "अजिंठ्याचा फील येईल असा." मी उत्साहानं लेण्यांच्या छतांवरची कमळं घेतली, हंसांची रांग घेतली, आणि मधोमध जागा रिकामी वाटली म्हणून पिंपळाचं एक भलंमोठं पान घातलं. ते पान सुनिताबाईंनी सुईनं असं केलं होतं की शिरा बोटाला लागाव्यात. गालिचा पोचला आणि आठवड्यात मालकाचा फोन आला.

"मास्तर, पाहुणे दारातच चपला सोडायलेत. काही जण हात जोडायलेत. माझं हॉटेल आहे का विहार, तेच कळंना."

मी सुनिताबाईंना म्हटलं, "तुम्हाला करताना काही वाटलं नाही?"

"वाटलं की. बोधिवृक्षाचं पान ते. मी काय त्याच्यावर पाय ठेवणार नव्हते, मी तर हातच लावत होते. पाय ठेवायचा विचार तुमचा."

गालिचा भिंतीवर गेला. आणि माझ्या डोक्यात एक गोष्ट कायमची गेली: आपल्या मुलखात जमिनीवर काय काढायचं हे सौंदर्यावर ठरत नाही, पायावर ठरतं. देव नको, अक्षर नको, पुस्तक नको, अन्न नको, दिवा नको. उरलेल्यात काय जमेल ते बसवायचं. तेव्हापासून नवीन गिऱ्हाईक आलं की मी पहिला प्रश्न विचारतो, "यावर चालणार कोण?"

राजेंद्र नावाचा एक माणूस आला तेव्हाही मी हेच विचारलं. पन्नाशीचा, बँकेत नोकरी, बोलताना सारखा मोबाईल पालथा-उताणा करायची सवय.

तो म्हणाला, "माझी आई चालणार. म्हणजे, चालावी म्हणून तर."

त्यानं जे सांगितलं ते असं. त्यांचं शेत पाचोडच्या अलीकडं होतं. मोसंबीची बाग, विहीर, थोडी पऱ्हाटी, म्हणजे कपाशी. रस्ता रुंद झाला त्यात विहीर आणि निम्मं शेत गेलं, उरलेलं भावकीला देऊन टाकलं आणि आईला, कौसाबाईंना, तो शहरात आपल्या फ्लॅटवर घेऊन आला. इथं आल्यावर त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. ऑपरेशन उत्तम. पण डॉक्टरांनी सांगितलं होतं की रोज चालायचंच, आता नाही चालल्या तर गुडघा आहे तिथं धरून बसेल आणि मग कायमचं अंथरूण. आणि कौसाबाई चालायला तयार नव्हत्या. वॉकर आणून दिला, त्यावर त्यांनी टॉवेल वाळत घातला.

"दुखतं का त्यांना?"

"दुखत नाही हो. म्हणते, जाऊ कुठं? ह्या भितीपसून त्या भितीपतोर? त्याला काय चालणं म्हणत्यात?"

मला हा प्रश्न अगदी रास्त वाटला. फ्लॅटमधल्या चालण्याला मीही कधी चालणं म्हटलेलं नाही.

तर राजेंद्रची कल्पना अशी, की आईच्या खोलीच्या दारापासून बाल्कनीपर्यंत लांबलचक गालिचा टाकायचा आणि त्यावर त्यांचं शेत काढायचं. वरून कावळ्याला दिसेल तसं. आई दारात उभी राहील, समोर शेत दिसेल, पाऊल पुढं पडेल. आईला आधी काही सांगायचं नाही, सरप्राइज द्यायचं.

मी म्हटलं, एकदा शेत बघून येऊ. तो म्हणाला, शेतावरून आता ट्रक जातात. मग त्यानंच कागदावर आकृती काढून दिली. दाराशी आखाडा, म्हणजे शेतातला गोठा आणि बसायची जागा. तिथून निघालेला धुरा. धुरा म्हणजे बांध, आमच्याकडं बांधाला धुराच म्हणतात. धुऱ्याच्या दोन्ही अंगांना मोसंबीच्या ओळी, पुढं उजव्या हाताला विहीर, डाव्या हाताला लिंबाचं, म्हणजे कडुलिंबाचं झाड, टोकाला पऱ्हाटी. आकृती बरोबर होती. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो, कारण पुढं जे झालं त्यात त्या बिचाऱ्याचा वाटा फार थोडा आहे.

इथं मला माझ्या उमेदीच्या वर्षांबद्दल सांगावं लागेल. या शेडमध्ये यायच्या आधी मी दुसऱ्या एका कारखान्यात होतो. तिथं यंत्राच्या बंदुकीनं गालिचे भरत. ती बंदूक मागच्या बाजूनं चालते. कारागीर पाठीमागं उभा राहून धागा मारतो, नक्षी पुढं उमटते. त्यामुळं तिथं प्रत्येक नक्षी आरशातल्यासारखी उलटी काढावी लागे, म्हणजे पुढून सुलटी दिसे. मी इतकी वर्षं उलटं काढलं, की माझ्या हाताला तेच सुलटं वाटायला लागलं. हाताच्या आकड्याचं काम मात्र पुढून होतं. तिथं जसं काढाल तसंच येतं. या शेडमध्ये आल्या आल्या मी एका शाळेच्या कार्यालयासाठी गालिचा काढला आणि शाळेचं बोधचिन्ह असं आलं की बाई हातात दिवा धरून शाळेतून बाहेर पळत सुटलीय. मूळ चिन्हात ती आत येत होती. मुख्याध्यापकांनी शांतपणे विचारलं, "हे आमच्या निकालावर आहे का?"

तेव्हापासून रज्जाकभाईंनी एक शिरस्ता घातला. मी तरटावर नक्षी काढून खडू खाली ठेवला, की ते पहिला लूप ओढायच्या आधी विचारायचे, "मास्तर, सीधा है ना?" मी मूळ चित्र शेजारी धरायचो, दोघं मिळून बघायचो, मग काम सुरू.

शेत काढून झालं तेव्हाही त्यांनी विचारलं, "मास्तर, सीधा है ना?"

आकृतीचा कागद माझ्या टेबलावर होता. टेबल शेडच्या दुसऱ्या टोकाला होतं. आणि त्या दिवशी उकडत होतं. मी म्हटलं, "अहो रज्जाकभाई, शेत आहे. शेताला काय उलटं नि सुलटं?"

ते म्हणाले, "हां, वो बी है," आणि आकडा घातला.

काम सुंदर झालं. जमिनीसाठी आम्ही आपल्याकडच्या मेंढ्यांची काळी लोकर घेतली, न रंगवता. काळी माती आपल्या मेंढ्या पाठीवरच घेऊन फिरतात, तिला रंगवायचं काय? धुरा वीतभर रुंद, वाळल्या गवताच्या रंगाचा. मोसंबीच्या ओळी आकड्यानं भरल्या, आणि मग सुनिताबाई सुई घेऊन बसल्या. प्रत्येक मोसंबी वेगळी, कुठं हिरवट, कुठं पिवळी. लिंबाच्या झाडाला त्यांनी चार हिरवे मिसळून घेर दिला. विहिरीच्या पाण्यात आभाळाचा एक तुकडा टाकला. सुया मोडल्या, बोटं टोचली, पण त्या बोलल्या नाहीत, आणि त्या बोलत नाहीत म्हणजे काम त्यांच्या मनासारखं होत असतं. मी राजेंद्रला फोटो पाठवला. त्यानं उलट तीन अंगठे पाठवले.

गालिचा घेऊन मी आणि रज्जाकभाई फ्लॅटवर गेलो. खाली घसरू नये म्हणून रबराची जाळी अंथरली, वर गालिचा सोडला. राजेंद्रची बायको "अगं बाई, किती गोड" म्हणाली. राजेंद्र आईला आणायला आत गेला. बराच वेळ आतून कुजबुज ऐकू येत होती. शेवटी दारात आधी वॉकर आला, मग टॉवेल काढून टाकलेल्या वॉकरला धरून कौसाबाई आल्या. बुटक्या, काटक, नऊवारीचा काष्टा ऑपरेशननंतर घालता येत नाही म्हणून वैतागलेल्या.

त्यांनी खाली पाहिलं. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडं पाहत होतो.

"कोनाचं हाय हे?"

राजेंद्र म्हणाला, "आई, आपलं शेत."

"आपलं?" त्यांनी पुन्हा पाहिलं. "आपली हीर डाव्या हाताला व्हती व्हय रे?"

राजेंद्रनं खाली पाहिलं. मग मोबाईल काढून मी पाठवलेला फोटो पाहिला. मग पुन्हा खाली.

"लिंब उजवीकडं कसा गेला? मी लावला त्यो, मला नाय ठाव कुठं हाय?" त्यांचा आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त लागत होतं. "आन् तू ह्यांना व्हय म्हनलास. शाळंची येळ होईपतोर त्याच हिरीत पवत व्हतास तू."

राजेंद्रनं मोबाईल पालथा करून खिशात ठेवला.

रज्जाकभाईंनी माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेत शाळेच्या दिवेवाल्या बाईपासूनचा सगळा इतिहास होता. हलक्या आवाजात म्हणाले, "बोल डालो मास्तर, कायकू शरमा रहे?"

मी पुढं होऊन सांगितलं, की बाई, यात तुमच्या मुलाची चूक नाही, त्यानं बरोबर काढून दिलं होतं, माझ्या हातून उलटं झालं. बंदूक, मागची बाजू, आरसा असं काही समजावू लागलो. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग ह्ये शेत आरशातलं हाय म्हना."

"तसंच म्हणा."

"मंग आरशातच चालते," म्हणाल्या आणि वॉकर मागं वळवायला लागल्या.

माणूस घाबरला की हुशार होतो असं म्हणतात, मी कधी झालो नाही. मी म्हटलं, थांबा, आपण गालिचा फिरवू. मी आणि रज्जाकभाईंनी दोन टोकं धरून तो भलामोठा गालिचा हॉलमध्ये गोल फिरवला. सोफा सरकवला, फुलदाणी राजेंद्रच्या बायकोनं वेळेत धरली. विहीर आता उजवीकडं आली. मी विजयी चेहऱ्यानं कौसाबाईंकडं पाहिलं.

"आन् आखाडा?" त्या म्हणाल्या.

आखाडा बाल्कनीच्या दाराशी गेला होता.

"म्हंजी आधी समद्या पिकातनं तुडवत जाऊ, तवा आखाडा येनार. चोरावानी."

आम्ही पुन्हा फिरवला. आरशातली गोष्ट कशीही फिरवली तरी सुलटी होत नाही, हे कुणी आठवीच्या मुलानं सांगितलं असतं. मला चाळीस वर्षं गालिचे काढून आणि दोनदा सोफा सरकवून कळलं.

राजेंद्र मला बाजूला घेऊन म्हणाला, "नवीन करायला किती दिवस लागतील?"

मी खरं सांगितलं. आकड्याचं काम घाईनं होत नाही. त्याला हिशोब मांडायची गरज नव्हती, गुडघा तेवढं थांबणार नव्हता. आत खोलीत कौसाबाई पलंगाच्या कडेला बसल्या होत्या आणि दारातून आमची आवराआवर पाहत होत्या. वॉकरवर टॉवेल पुन्हा आला होता. डॉक्टरांनी जे कायमचं म्हटलं होतं, ते माझ्या खडूनं आणखी जवळ आणलं, असं मला त्या वेळी स्वच्छ दिसलं. हे मी विनोदानं लिहीत नाही.

आम्ही गालिचा गुंडाळायला घेतला. गुंडाळायच्या आधी रज्जाकभाईंची एक सवय. गालिचा उचलून पालथा टाकतात आणि पाठीवर थापट्या मारतात, म्हणजे लुपांमध्ये अडकलेली धूळ, सुटे तंतू झडून जातात. त्यांनी आणि मी एक एक बाजू धरली, गालिचा उलटला आणि पाठ वर करून फरशीवर टाकला. रज्जाकभाई गुडघ्यावर बसून थापट्या मारायला लागले.

आतून आवाज आला, "ए बाबा. मारू नगं."

रज्जाकभाईंचा हात वरच राहिला.

कौसाबाई उभ्या राहिल्या होत्या. टॉवेल खाली पडला. वॉकर टकटक करत दारापर्यंत आला. त्या पाठीकडं बघत होत्या.

हाताच्या आकड्याच्या गालिच्याची पाठ तुम्ही पाहिली नसेल. कुणी पाहत नाही. धाग्यांची टोकं आम्ही वरच कापतो, त्यामुळं पाठ स्वच्छ असते, पण चपटी. पुढची सगळी चित्रं तिथं असतात, बारीक टिपक्यांत, जरा फिकी, मधून मधून तरट डोकावतं. आणि अर्थात, पुढच्याच्या उलट. म्हणजे माझ्या उलट्याच्या उलट. विहीर उजव्या हाताला, लिंब डाव्या हाताला, आखाडा दाराशी.

सुनिताबाईंच्या कामाचं तिथं वेगळंच झालं होतं. सुईनं खाली ओढलेले तंतू पाठीतून बाहेर येतात आणि नुसती लव दिसते. लिंबाचा घेर नव्हता, हिरवट धूसर डाग होता. मोसंब्या नव्हत्या, ओळींवर पिवळसर वाफ धरल्यासारखं दिसत होतं.

कौसाबाई बराच वेळ पाहून म्हणाल्या, "हां. थंडीचं पहाटंचं असंच दिसतंय, धुई पडल्यावर. हीर असती, पर दिसत नसती."

आणि त्यांनी पाऊल टाकलं.

वॉकर पुढं सरकवला, आणि थांबल्या. धुरा वीतभर, वॉकरचे पाय फाकलेले. दोन पाय उजवीकडच्या मोसंबीत गेले होते, दोन डावीकडच्या. त्यांनी तो उचलून पाहिला, तिरका करून पाहिला.

"ह्याचे पाय पिकात जात्यात," त्या वैतागून म्हणाल्या. "ने ह्याला. राजू, हात दे."

राजेंद्रनं वॉकर बाजूला केला आणि हात दिला. पण तो शेजारी उभा राहायला लागला तेव्हा त्याचा पाय मोसंबीत पडला, तर त्यांनी त्याच्या दंडावर चापट मारली. "धुऱ्यावर ये की. मागनं ये." मग तो मागं आला, दोन्ही हातांनी आईचे खांदे धरून, एकापाठोपाठ एक, आगगाडी खेळतात तसे दोघं. विहिरीपाशी त्या थांबल्या. खाली वाकायला बघत होत्या, त्यानं वाकू दिलं नाही. मग लिंब, मग पऱ्हाटी, मग बाल्कनी. बाल्कनीच्या दारात कठड्याला धरून उभ्या राहिल्या आणि मागं न बघता म्हणाल्या, "आता परत जायला लागंल. इथं काय करू?"

आणि परत आल्या.

मी त्यांना म्हटलं की ही पाठ आहे, पुढची बाजू फार चांगली झालीय, नवीन करून देईपर्यंत हे असू द्या. त्या म्हणाल्या, नवं कशाला? मी म्हटलं, पाठ लवकर झिजते, ती चालायला केलेली नसते. त्यावर त्या माझ्याकडं दया आल्यासारखं बघून म्हणाल्या, "मास्तर, रोज आरशात बघून भांग पाडत असशील तर पाड. मला ह्येच ऱ्हाऊ दे."

शेडमध्ये परत गेल्यावर ही बातमी सुनिताबाईंना सांगायचं काम माझ्याकडं आलं. दुसरं कुणी तयार नव्हतं. त्यांनी सुई खाली ठेवली.

"म्हंजे मोसंब्या खाली."

"हो."

"फरशीकडं तोंड करून."

"हो. पण धुई फार छान दिसते."

"मी धुई केलीच नव्हती." त्यांनी सुई पुन्हा हातात घेतली. "ती बाई चालतीय का पण?"

"चालतेय."

"मग बरं. फरशीला मोसंब्या आवडल्या का इचारा तेवढं," म्हणून त्या कामाला लागल्या. पण पुढं कितीतरी दिवस मी शेडमध्ये आलो की त्या शेजारणीला मोठ्यानं विचारायच्या, "ह्याची पाठ चांगली करू का पोट?"

मला त्या कामाची खंत आहे, खोटं कशाला बोलू. माझ्या हातून झालेल्या नक्षींत ती सगळ्यात चांगली होती आणि ती कुणाला दिसत नाही. नव्या गिऱ्हाइकांना दाखवायला फोटो आहेत, पण फोटोत ती उलटी आहे. हे मलाच माहीत असल्यानं दाखवायला उठलेला हात पुन्हा खाली येतो.

वर्ष-दीड वर्षानं राजेंद्रचा फोन आला. आई ठणठणीत आहे, आता आधारही लागत नाही, पण गालिचा एका जागी झिजलाय, तरट दिसायला लागलंय, तेवढं येऊन दुरुस्त करून देता का? मी आकडा आणि रंग जुळतील असे धागे पिशवीत घालून गेलो.

झिजला होता खरा. दारापासून निघून धुऱ्याधुऱ्यानं विहिरीपर्यंत, तिथून लिंबाखालून बाल्कनीपर्यंत, पावलाएवढ्या रुंदीची फिकी पट्टी पडली होती. टिपके पुसले होते, तरट गुळगुळीत झालं होतं. मधेच एका ठिकाणी ती धुरा सोडून लिंबाकडं जरा आधीच वळली होती, जिथं मी वळण दिलेलं नव्हतं. त्या गालिच्यावर मी न काढलेली अशी ती एकच रेघ होती.

मी खाली बसलो, चष्मा लावला, आकडा काढला. स्वयंपाकघरातून कौसाबाई आल्या, हातात लसणाची पाकळी, पायात काही नाही. माझ्या डोक्याशी येऊन उभ्या राहिल्या.

"काय करायलास?"

"झिजलंय बाई. भरून देतो. पुन्हा नव्यासारखं."

"ते?" त्यांनी पायाच्या अंगठ्यानं पट्टी दाखवली. "वहिवाट हाय ती. चालती वहिवाट तहसीलदारालाबी बुजवता येत नाय, तू कोन?"

राजेंद्र म्हणाला, "आई, अगं तो गालिचा आहे."

त्यांनी त्याच्याकडं लक्ष दिलं नाही. लसणाची पाकळी सोलत कौसाबाई त्या पट्टीवरून विहिरीपर्यंत गेल्या, जिथं मी वळण दिलेलं नव्हतं तिथं लिंबाकडं वळल्या, आणि बाल्कनीत जाऊन सालं खाली टाकली.

मी आकडा पिशवीत ठेवला आणि चहा होतोय का ते विचारलं.